नारळ कुणी फोडायचा

आमच्या घराण्यात कुणी कधी काही विकलं नाही. आजोबा शाळामास्तर, वडील शाळामास्तर, एक काका कचेरीत कारकून, दुसरे पूजा सांगणारे. घरातली रद्दीसुद्धा आई शेजारणीला देऊन टाकायची, कारण रद्दीवाल्याशी घासाघीस करणं तिला कमीपणाचं वाटायचं. अशा घरातली मी, संगमनेरात घरी मराठी-भूगोलाच्या शिकवण्या घेणारी बाई, पन्नाशीत गाईंना चाटायच्या विटा विकायला निघाले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जागा मिळणार नाही.

विटा माझ्या नवऱ्याच्या. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र 'तो' असंच येतं, त्याला इलाज नाही. तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये होता. आठवडाभर तिकडंच खोली करून राहायचा आणि शनिवारी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी यायचा. एके दिवशी कंपनीनं गाशा गुंडाळला. बरोबरची माणसं हळूहळू इकडंतिकडं लागली, हा लागला नाही. मुलाखतीला जायचा, परत यायचा. मग जाणंही थांबलं. आणि मग त्यानं दाढी करणं सोडलं.

दाढीचं मुद्दाम सांगते. हा माणूस तापानं फणफणला तरी सकाळी उठून दाढी करणारा. घरात गिझर आहे, पण दाढीचं पाणी त्याला गॅसवरचंच लागायचं, छोट्या तपेलीतलं. "पाणी ठेवतेस का?" हे आमच्या घरातलं सकाळचं पहिलं वाक्य. ते वाक्य बंद झालं. बाहेरच्या खोलीत बंद टीव्हीसमोर खुर्ची टाकून तो बसून राहायचा. बोलणं "हो", "नाही", "ठेव तिथं" एवढ्यावर आलं. मला भीती वाटायची. कसली ते मी कुणाला बोलले नाही, पण आंघोळीला जरा जास्त वेळ लागला की मी बाथरूमचं दार वाजवायचे. "साबण आहे ना आत?" असलं काहीतरी विचारायचे. आतून "आहे" आलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

त्याला खुर्चीतून उठवलं ते त्याच्याच कंपनीतल्या एका माणसानं. हा सुप्याला बॉयलरवर होता, संगमनेरजवळच्याच एका गावातला, घरची शेती आणि दावणीला संकरित गाई. कंपनी बंद पडल्यावर तो गाईंकडं परतला होता. एक दिवस आला, चहा प्यायला आणि माझ्या नवऱ्यासमोर सरळ तक्रारच मांडली. "साहेब, आमच्या गाई भिंती चाटत्यात, दावी खात्यात. परवा माझी चप्पल खाल्ली एकीनं. डॉक्टर म्हनतो, अंगात क्षार कमी पडल्यात. दुकानातली चाटण वीट टांगली तर हवा दमट झाली की ती गळती, न्हाईतर दगड होती, गाय तोंड लावत न्हाई. तुमी केमिस्ट ना? मग करा की कायतरी!"

माझ्या नवऱ्यानं मान वर केली. किती दिवसांनी केली, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझा जुना कुकर मागितला. मी दिला. साखर कारखान्यातून मळी आणली, उसाचा रस आटवून साखर काढल्यावर उरते ती काळी चिकट मळी. त्यात क्षार, कोंडा, चुना आणि आणखी काय काय घालून गच्चीवर त्याचा उद्योग सुरू झाला. सोसायटीतल्या यच्चयावत मुंग्यांचं माहेर आमच्या गच्चीवर झालं. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज नाकाला पदर लावून जिन्यात उभ्या राहायच्या आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या, "बरं नाही हो दिसत हे, चांगल्या घरात." मी म्हणायचे, "वासच आहे काकू, दिसायचं काय त्यात!" खरं तर मलाही मळमळायचं. पण तो जिने चढत होता, उतरत होता, चमच्यानं मोजत होता, स्वतःशी बडबडत होता. त्या वासाला मी नावं ठेवणार? देवघरातल्या उदबत्तीपेक्षा मला तो प्यारा होता.

पहिल्या विटा भुगा झाल्या. नंतरच्या पाघळल्या. मग एक जमली. मधोमध भोक असलेली काळसर वीट, भागीदाराच्या गोठ्यात गव्हाणीवर दोरीनं टांगली. तो बॉयलरवाला एव्हाना भागीदार झाला होता. गाईनं आधी हुंगली, मग जी जीभ लावली ती सोडेना. चांगली महिनाभर वीट टिकली, गळली नाही. तिकडं गाईनं दावं खाणं सोडलं आणि इकडं आमच्या घरात एके सकाळी आवाज आला, "पाणी ठेवतेस का?" मी तपेली गॅसवर ठेवली आणि ओट्याला धरून ढसाढसा रडले.

म्हणून ही वीट खपायला हवी होती. पैसा कुणाला नको असतो, तो हवाच होता. पण विटा घरात पडून राहिल्या तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि या वेळी उठणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. 

आता विकायचं कोणी? भागीदाराला स्वतःच्या गावापलीकडं कुणी ओळखत नव्हतं आणि माझा नवरा अनोळखी माणसासमोर घसा खाकरण्यापलीकडं जात नाही. राहिले मी. नगरला लघुउद्योजकांचं एक शिबिर होतं. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण एसटीचा कंडक्टर आणि मी अजून नगरच म्हणतो. तिथं गळ्यात टाय बांधलेला पुण्याचा एक तरुण शिकवत होता. त्यानं पहिलाच प्रश्न मला विचारला, "मॅडम, तुमचा ग्राहक कोण?" मी म्हटलं, "गाय." सगळा हॉल हसला. तो म्हणाला, "गाय पाकीट काढत नाही, मॅडम." मी म्हटलं, "मग तिचा मालक." तो म्हणाला, "नक्की का? नीट विचार करा." मला रागच आला. पोरगा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आणि मला नीट विचार करायला सांगतोय! पण घरी येईपर्यंत प्रश्न डोक्यातून गेला नाही.

मग मी योजना केली. भूगोलाची बाई, नकाशा काढला नाही तर काय केलं! पलंगावर आमच्या आणि शेजारच्या तालुक्यांचा मोठा नकाशा पसरला. जिथं जिथं दूध संकलन केंद्र, तिथं एक कडधान्याचा दाणा. मोठ्या केंद्राला हरभरा, लहानाला मूग. सकाळ-संध्याकाळ माणूस किटली घेऊन केंद्रावर येणारच, तिथं वीट टांगलेली दिसली की विचारणारच, असा माझा हिशोब. आधी प्रवरेच्या काठची संकरित गाईंची गावं. अकोले तालुक्याकडं डोंगरात भातशेती आणि लहान चणीच्या गावरान गाई, जीपशिवाय जाता येत नाही, ते नंतर. सुप्याकडचा भाग सगळ्यात शेवटी, कारण नवरा त्या रस्त्याला जायला तयार नव्हता. तो पलंगाच्या कडेला बसून दाणे सरकवून बघायचा. "इथं दोन केंद्रं आहेत गं, एक नाही," असं म्हणून आणखी एक मूग ठेवायचा. एकाच गावात दोन केंद्रं का असतील, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आम्ही फक्त दाणे ठेवत गेलो.

नावावरून भांडणं झाली. भागीदाराला 'कामधेनू' हवं होतं. मी म्हटलं, तालुक्यात सलूनसुद्धा कामधेनू नावाचं आहे. नवरा म्हणाला, नाव कशाला, घटक लिहा आत काय काय आहे ते. शेवटी लेबलवर नुसतं 'चाटण वीट' छापलं आणि नाव सुचेल तेव्हा सुचेल असं ठरलं. माल भागीदाराच्या शेतातल्या कांद्याच्या चाळीत तयार होऊ लागला. कांदा विकून झाला होता, चाळ रिकामी होती आणि चहूबाजूंनी वारा खेळता. चार बायका कामाला लावल्या. नवरा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चाळीवर जायचा. कांद्याच्या चाळीत इस्त्रीचा शर्ट! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला तो शर्ट धुताना सुख व्हायचं.

उद्घाटनाचा विषय निघाला तो भागीदाराच्या ओसरीवर. आपल्याकडं नारळ फोडल्याशिवाय कशालाच सुरुवात होत नाही, विहीर असो, टेम्पो असो, नाहीतर पिठाची गिरणी. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्हीच फोडा. वीट तुमची आहे." तो एकदम कसनुसा झाला. "मला चार लोकांत उभं करू नका," म्हणाला. भागीदारानं मांडीवर थाप मारली. "वहिनी, ते माज्यावर सोडा. आमच्या दूध सोसायटीचे माजी चेअरमन हायेत, त्यांचा हात लावू. मोठा हात लागल्याबिगर मालाला वजन न्हाई." मी म्हटलं, "त्यांचा काय संबंध?" तर तो म्हणाला, "संबंध लागतू का कुटं? मान असतो." आम्ही मान डोलावली. मानाला नाही कसं म्हणायचं?

कार्यक्रमाला गेलो तर चाळीवर हा मोठा फ्लेक्स. त्यावर माजी चेअरमन हात जोडून, त्यांच्याभोवती त्यांच्या गटाची दहा-पंधरा डोकी, खाली एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी वीट. माझ्या नवऱ्याचा फोटो नव्हता, नावही नव्हतं. तो म्हणाला, "बरं झालं." मंडप, खुर्च्या, जिलबी, सगळं झकास. चेअरमननी नारळ फोडला, पाणी विटेवर शिंपडलं आणि माईक हातात घेतला. दूध सोसायटीची निवडणूक तोंडावर होती, हे मला त्यांच्या दुसऱ्या वाक्याला कळलं. आणि पाचव्या की सहाव्या वाक्याला ते गरजले, "आपल्या गटाच्या प्रत्येक सभासदाच्या दावणीला ही वीट आपण मोफत बांधणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागं वळून पाहिलं तर आमचा भागीदारही टाळ्या वाजवत होता! सवयीनं हो, दुसरं काय. दोन-तीन टाळ्या वाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं, मग त्याचे हात हवेतच राहिले. माणसं उठली, मोटरसायकली वळल्या, चाळीतल्या विटा पिशव्यांतून, डिकीतून, पोत्यांतून निघाल्या. अडवायचं कुणी आणि काय म्हणून? चेअरमननी शब्द दिला होता. जाताना माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, "बाई, जाहिरात झाली बघा तुमची!" मी नमस्कार केला. संस्कार आडवे येतात, नाहीतर त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं असतं ते मलाच माहीत. नवरा रिकाम्या फळ्यांकडं बघत उभा होता. म्हणाला, "चला, गाईंपर्यंत तरी पोचल्या." मला त्याची इतकी कीव आली की मी त्याच्यावरच खेकसले.

तरी मी म्हटलं, गेली एक खेप. पुढची विकू. दुसरी खेप तयार झाली तशी मी नकाशावरच्या पहिल्या हरभऱ्यापासून सुरुवात केली. भागीदाराच्याच गावातलं दुसरं केंद्र. आत सध्याचे चेअरमन बसले होते, मागच्या निवडणुकीत माजींना हरवून आलेले. आता तुमच्या लक्षात आलं असेल, एका गावात दोन केंद्रं कशाला असतात. मला तिथं उभं राहिल्यावर आलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, वीट हातात घेऊन उलटीपालटी केली.

"वीट चांगली हाय, बाई. खोटं न्हाई बोलनार. पन ही त्यांची वीट हाय."

"त्यांची कशी? माझ्या घरी तयार झालीय ती."

"नारळ त्यांनी फोडला ना? मग त्यांचीच. माज्या मान्सानं ही दावणीला बांधली तर गाव म्हनंल, गडी फुटला."

"अहो, गाईला चाटायची आहे ती! गाईला काय गट असतो?"

ते हसले. "गाईला नसतो. दावणीला असतो." मग जरा पुढं झुकून म्हणाले, "एक करा. आमच्या हातून दुसरा नारळ फोडा. आमचा फ्लेक्स लावा. आणि त्यांनी जशी फुकट वाटली, तशी आमच्या सभासदांना पन..."

मी चहा तसाच ठेवून उठले. दारातून म्हटलं, "नारळ फोडायचाच असेल तर माझ्या कपाळावर फोडा, म्हणजे दोन्ही गटांचा एकदमच होईल!" पुढं गल्लीत आल्यावर मला रडू फुटलं.

बरं, माजींच्या गटाचे तरी विकत घेतील? त्यांच्याकडं गेले तर ते म्हणाले, "इकत? आमच्या चेअरमननी फुकट दिलती की. संपली की परत देतील." एक गट घेईना, कारण वीट दुसऱ्याची. दुसरा गट विकत घेईना, कारण वीट आपलीच. आणि नकाशावरच्या दर गावात हे असंच. चेअरमन वेगळे, सोयरिकीचं जाळं तेच, माजींचे व्याही इकडं, मेव्हणे तिकडं, बातमी आमच्या आधी पोचलेली. पलंगावरचे दाणे मी एकेक करून उचलत गेले. शेवटी ओंजळभर हरभरे-मूग हातात आले, त्याची मी उसळ केली. नवऱ्यानं खाल्ली नाही.

मी त्या टायवाल्या पोराला फोन केला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं पोझिशनिंग चुकलं." मी म्हटलं, "पोझिशनिंग नाही रे बाळा, नारळ चुकला. तुझ्या पडद्यावर नारळाचं एक चित्र टाक पुढच्या वेळी." आणि फोन ठेवून दिला. बिचाऱ्याचा काय दोष?

मग हवा दमट व्हायला लागली. चाळीत विटांच्या थप्प्या लागल्या होत्या. या विटा टांगल्या तर टिकतात, गाईच्या जिभेनं वरचा थर जातो, वारा लागतो. एकावर एक रचून ठेवल्या की आतल्या मऊ पडतात. नवऱ्यानं हे आधीच सांगितलं होतं, माल पडून राहता कामा नये म्हणून. तो रोज जाऊन बोटानं दाबून बघायचा. मग एक दिवस गेला नाही. कामाच्या बायकांना निरोप गेला, येऊ नका. भागीदारानं फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या सकाळी मी ओट्याशी उभी राहून वाट पाहिली. "पाणी ठेवतेस का?" आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, त्यापुढंही नाही. गालावर पांढरे खुंट दिसायला लागले. ती तपेली डोळ्यांसमोर नको म्हणून मी माळ्यावर टाकून दिली. आणि पुन्हा बाथरूमचं दार वाजवायला लागले. एकदा तो आतून म्हणाला, "अगं, मी काही करत नाही. घाबरू नकोस." एवढंच. म्हणजे त्याला माहीत होतं, मी दार का वाजवते ते! इतके दिवस माहीत होतं!

त्या दिवशी मी भागीदाराच्या घरी जाऊन थडकले. तो गोठ्यात लपला होता. मोठा गडी, बॉयलर सांभाळलेला, आणि माझा आवाज ऐकून गाईच्या मागं उभा! मी म्हटलं, "बाहेर या. मला तुमच्या टाळ्यांचा हिशोब नको. टेम्पो काढा. जिथं तुमचे माजी नाहीत आणि सध्याचेही नाहीत, असा जनावरांचा बाजार कुठं आहे?" तो खाली बघत म्हणाला, "घोडेगाव. लांब हाय, वहिनी." मी म्हटलं, "मला लांबच पाहिजे."

नवऱ्याला म्हटलं, चला. त्यानं नुसती मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. मी त्याच्या उशाशी मोबाईल ठेवला, "फोन करीन, उचला," असं बजावलं आणि निघाले.

घोडेगावचा बाजार मी पहिल्यांदाच पाहिला. म्हशी, गाई, कालवडी, रुमालाखाली बोटं धरून ठरणारे भाव आणि नजर जाईल तिथवर टोप्या. बाई माणूस शोधून सापडेना. भागीदारानं टेम्पो लावला, उपरण्यानं डोळ्यांपर्यंत तोंड गुंडाळलं आणि म्हणाला, "मी हितंच बसतो. आमच्याकडचा कुनी दिसला तर पंचाईत." मी एकटीनं फळी मांडली. वरच्या, बऱ्या राहिलेल्या विटा निवडून आणल्या होत्या. एक दोरीनं टांगली आणि उभी राहिले. ओरडायचं असतं, हे कळत होतं. शिकवणीत पोरांवर ओरडलेला माझा घसा, पण "घ्या हो घ्या" फुटेना. सात पिढ्या घशात येऊन बसल्या होत्या.

बऱ्याच वेळानं एक पागोटेवाले आजोबा थांबले. वीट हुंगली, नखानं खरवडली. मागं आणखी चार-सहा जण जमले. आजोबांनी विचारलं, "कुनाची वीट, बाई?"

"कुणाची म्हणजे?"

"म्हंजी कुठल्या सोसायटीची? कुठल्या साहेबाची? कोन हाय मागं?"

एवढ्या लांब येऊनही हेच! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले, आणि असं ओरडले की शेजारची म्हैस दचकली. "माझ्या नवऱ्याची! माझ्या नवऱ्याची वीट आहे ही! कुठल्या साहेबाची नाही, कुठल्या गटाची नाही. त्यानं गच्चीवर बसून स्वतःच्या हातानं केलीय. घ्यायची तर घ्या, नाहीतर चालू लागा!"

आजोबांनी वीट परत हुंगली. मग कुणीतरी खो खो हसलं. "नवऱ्याची वीट! आरं, बघा रं, नवऱ्याची वीट आलीया बाजारात!" हशा पिकला, पण गर्दीही झाली. आजोबांनी दोन घेतल्या. "बाई भांडखोर हाय, म्हंजी माल खरा असंल," असं म्हणाले. आणखी काहींनी घेतल्या. फार नाहीत. बाजार उठला तेव्हा निम्म्याहून जास्त फळीवरच होत्या.

त्या गर्दीत एक बाई होती. नवऱ्याबरोबर कालवड विकायला आलेली, माझ्यापेक्षा थोडी लहान. सगळे पांगल्यावर ती पुढं आली. "ताई, माजी गाय गाभन हाय, आन् भिंतीचा चुना चाटती. गाभन गाईला चालती का ही?" मला ठाऊक होतं असं नाही. मी म्हटलं, "थांबा, ज्यांनी केलीय त्यांनाच विचारते." फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माजी भन संगमनेरलाच दिलीया, उद्या मी तिच्याकडं येनारच हाय. घर सांगा. त्यांनाच इचारते, मग घेते." मी पत्ता सांगितला.

परतीच्या वाटेवर मी फोन लावत राहिले. भागीदारानं उपरणं सोडलं होतं, तो टेम्पो दामटत होता. एकदा म्हणाला, "चार्जिंग नसंल, वहिनी." मी म्हटलं, "रिंग जातेय." मग तोही घाबरला. मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. विटा नको, नाव नको, सगळ्या गटांना फुकट वाटते, दोघांचेही फ्लेक्स माझ्या दारावर लावते, पण घरी गेल्यावर दाराआडून "आहे" एवढं येऊ दे.

दिवेलागणीला पोचलो. दार नुसतं लोटलेलं. खुर्ची रिकामी, पलंग रिकामा, मोबाईल उशाशी तसाच. बाथरूमचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. मी त्याला हाका मारत जिना चढले, चपलेसकट. तो गच्चीवर होता. जुन्या कुकरशेजारी पाण्याच्या टाकीला टेकून बसलेला, समोर मऊ पडलेल्या दोन विटा.

"फोन का उचलला नाहीत?" मी किंचाळलेच. "मेले ना मी इकडं वाटेत!"

"काय ऐकायचं होतं उचलून," तो म्हणाला. "किती उरल्या तेच ना?"

मी धपकन समोर बसले आणि त्याचा शर्ट धरून रडले. नुसती रडले नाही, दोन-चार गुद्देही घातले. खालच्या काकूंनी ऐकलं असणार, ऐकू दे. रडणं संपल्यावर मी नाक पुसून म्हटलं, "निम्म्याच्या वर उरल्या. उद्या एक बाई येणार आहे. तिची गाय गाभण आहे, तिला ही वीट चालते का विचारायचंय. मला नाही, तुम्हाला. ज्यांनी केली त्यांनाच विचारते म्हणाली."

"मला?"

"मी सांगितलं बाजारात, वीट कुणाची ते."

"कुणाची सांगितलीस?"

"तुमची. ओरडून सांगितलं. लोक हसले."

त्यानं समोरच्या विटेत बोट दाबून पाहिलं. मग म्हणाला, "गाभण गाईला चालते. पण शेवटच्या महिन्यात कमी द्यायला हवी. समजावून सांगावं लागेल तिला." त्याचा हात हनुवटीवर गेला. खुंटांवरून दोनदा फिरला. "उद्या किती वाजता येणार आहे?"

"सकाळच्या एसटीनं."

"मग आत्ताच पाणी ठेव. सकाळी गडबड नको."

मी जिना उतरले. स्टूल लावून माळ्यावरची तपेली काढली. धुळीनं भरली होती, घासली, पाणी भरलं, गॅसवर ठेवली. चाळीतल्या थप्प्या मऊच पडत होत्या, तालुक्यातलं एकही केंद्र आम्हाला दारात उभं करत नव्हतं आणि आमच्या दारात येणारं आख्ख्या जगात एकच गिऱ्हाईक होतं. जिन्यावर पावलं वाजली आणि पाठोपाठ त्याचा आवाज आला, "फार कडक नको करूस गं."

"माहीत आहे मला!" मी ओरडले, आणि गॅस बारीक केला.